पेट्रोलमधला पाचवा हिस्सा



मागच्या आठवड्यात आमच्या मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटखाली एक मराठी मुलगा भेटला. लातूरकडचा आहे, यूपीएससीच्या तयारीसाठी आलाय आणि बेर सरायला खोली घेऊन राहतो. त्याच्या हातात मोटारसायकलची फुगलेली, चिरा पडलेली रबरी नळी होती. मेकॅनिकने सांगितलं होतं, "पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, म्हणून झालं." तो मला म्हणाला, "काका, हा नियम नेमका कुठला आहे? मला तर कुणी विचारलंच नाही."

प्रश्न साधा आहे, पण उत्तर सोपं नाही. व्हॉट्सअॅपवर एक गट म्हणतो की इथेनॉलने इंजिनांची वाट लागली, आणि दुसरा म्हणतो की शंका घेणारे सगळे तेल लॉबीचे. खरं काय ते या दोन टोकांच्या मध्ये आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्या महाराष्ट्रातून जातो. म्हणून आजचा भाग इथेनॉलवर.

सुरुवात मिरज आणि मनमाडला झाली

आज पंपावर जे मिळतं त्याचं नाव ई२०, म्हणजे ऐंशी भाग पेट्रोल आणि वीस भाग इथेनॉल. अनेकांना वाटतं की हे गेल्या दोन-तीन वर्षांतलं खूळ आहे. तसं नाही. दारूसारखंच अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळून गाड्या चालवायच्या, ही कल्पना आपल्या कायद्याच्या पुस्तकात १९४८ सालीच आली होती. त्या वर्षी 'इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट' झाला. २००० साली तो रद्द झाला, आणि लगेच पुढच्या वर्षी गोष्ट नव्याने सुरू झाली.

२००१ मध्ये केंद्र सरकारने तीन ठिकाणी प्रायोगिक प्रकल्प घेतले. त्यातले दोन आपल्याकडे होते, मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला इथे. माझं गाव मिरज तालुक्यात आहे. तेव्हा मी नोकरीत होतो आणि सुट्टीवर गावी गेलो होतो. उसाच्या मळीपासून केलेलं स्पिरिट पेट्रोलमध्ये घालणार म्हटल्यावर पारावरच्या लोकांनी किती विनोद केले ते अजून आठवतं. "आता गाडी पण झिंगणार" असं म्हणत होते.

गंमत सोडा, पण जागा निवडली होती ती विचार करून. मिरज आणि मनमाड दोन्हीकडे तेल कंपन्यांचे डेपो, आणि आजूबाजूला साखर कारखाने. इथेनॉल हे रिफायनरीत मिसळत नाहीत. ते पाणी ओढून घेतं, म्हणून लांबच्या पाइपलाइनमधून पेट्रोलबरोबर पाठवणं अवघड असतं. डिस्टिलरीतून टँकरने ते डेपोवर येतं आणि पंपाकडे जाणारा टँकर भरताना तिथेच पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. म्हणून ज्या डेपोच्या पन्नास-शंभर किलोमीटरच्या परिसरात डिस्टिलरी आहे, तिथे मिश्रण स्वस्त पडतं. हे एक वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं अर्धं राजकारण त्यावर आहे.

नियम आला, पाऊस गेला

जानेवारी २००३ पासून नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सक्तीचं झालं. महाराष्ट्र त्यात होता. आणि नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पडला, पाठोपाठ दुष्काळ आला. ऊस कमी, साखर कमी, मळी कमी. ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारला सक्ती सैल करावी लागली. जिथे इथेनॉल मिळेल आणि परवडेल तिथेच मिसळा, असं सांगितलं गेलं.

२००६ मध्ये पुन्हा वीस राज्यांसाठी पाच टक्क्यांचा हुकूम निघाला. २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्क्यांचं उद्दिष्ट लिहिलं गेलं. कागदावर सगळं होतं. प्रत्यक्षात २०१३-१४ मध्ये देशभरातलं सरासरी मिश्रण होतं दीड टक्का, आणि वर्षभरात पुरवठा झाला सुमारे ३८ कोटी लिटर.

असं का झालं? कारण हुकूम होता, पण दर पक्का नव्हता. डिस्टिलरीला देशी दारू आणि रसायन कारखान्यांकडून जास्त पैसे मिळत होते. तेल कंपनीला स्वस्तात हवं होतं. शिवाय प्रत्येक राज्याचा अबकारी परवाना वेगळा, शुल्क वेगळं. सैन्यात आम्ही म्हणतो, रसदीशिवाय हुकूम म्हणजे नुसती इच्छा.

मग २०१४ नंतर बदल झाले, आणि ते मान्य करायला हवेत. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने इथेनॉलचा खरेदी दर स्वतः ठरवायला सुरुवात केली. मे २०१६ मध्ये उद्योग (विकास व नियमन) कायद्यात दुरुस्ती झाली, म्हणजे इंधनासाठीच्या इथेनॉलच्या वाहतुकीतले अडथळे कमी व्हावेत. २०१८ मध्ये मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी नवं राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं. त्यात पहिल्यांदा नुसत्या शेवटच्या मळीपासूनच नव्हे, तर बी हेवी मळी, थेट उसाचा रस, खराब झालेलं धान्य आणि जादा तांदूळ यांपासूनही इथेनॉल करायला परवानगी मिळाली. नव्या डिस्टिलरीसाठीच्या कर्जावर व्याज सवलतही आली.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्यात रस उकळून साखरेचे दाणे काढतात. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काढल्यावर जी मळी उरते ती सी हेवी. तिच्यात साखर जवळजवळ संपलेली असते, म्हणून तिच्यापासून इथेनॉल केलं तर साखरेचं काही नुकसान नाही. दुसऱ्या पायरीवर थांबलात तर बी हेवी मळी मिळते. तिच्यात साखर जास्त, म्हणून इथेनॉलही जास्त. आणि साखर न काढता थेट रस आंबवला तर सर्वात जास्त, एका टन उसातून साधारण ७० लिटर. म्हणजे साखर जास्त झाली की रस इथेनॉलकडे वळवा, साखर कमी पडली की परत साखरेकडे. नळाच्या तोटीसारखी सोय झाली.

परिणाम दिसला. १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट नोव्हेंबर २०२२ चं होतं, ते जून २०२२ मध्येच गाठलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई२० ची विक्री ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या ८४ पंपांवर सुरू झाली, आणि २०२५ मध्ये देश वीस टक्क्यांवर पोचला. आता तुमच्या-माझ्या पंपावर, मुनिरक्यात असो की मिरजेत, सहसा तेच मिळतं.

सात डिसेंबरचा हुकूम

आता तोटी कशी फिरते ते सांगतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पाऊस रुसला. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व पट्ट्यात उसाची वाढ खुंटली. साखर कमी पडेल आणि निवडणुकीच्या वर्षात भाव चढतील, ही धास्ती दिल्लीत होती.

१ नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू झाला. कारखान्यांनी तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करार केले होते. रसापासून इथेनॉल करणाऱ्या नव्या डिस्टिलऱ्या कर्ज काढून उभ्या होत्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राचा आदेश आला की या वर्षी उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायचा नाही. आठवडाभर गदारोळ झाला. १५ डिसेंबरला सुधारित आदेश आला की रस आणि बी हेवी मळी वापरा, पण देशभरात १७ लाख टन साखरेइतकीच मर्यादा.

हंगाम चालू असताना! मी स्वतः शेतकरी कुटुंबातला आहे. आमच्या भागातल्या कारखान्यातले अधिकारी तेव्हा फोनवर म्हणाले, "साहेब, बॉयलर पेटलाय, ऊस गव्हाणीत पडलाय आणि आम्ही कागद वाचत बसलोय."

सरकारची बाजूही समजून घ्या. साखर महागली असती तर तुमच्या-माझ्या चहापासून सगळ्यांना चटका बसला असता. अन्न आधी आणि इंधन नंतर, हा क्रम बरोबरच आहे. माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही, वेळेबद्दल आहे.

सैन्यात कुठल्याही मोठ्या कामाआधी 'वॉर्निंग ऑर्डर' निघते. पूर्ण हुकूम नंतर येतो, पण खालच्या माणसाला आधी कळतं की काहीतरी येतंय, गाड्यांत तेल भर, जवानांना झोप घेऊ दे. आम्हाला शिकवलं होतं की हातात जेवढा वेळ आहे त्याचा एक तृतीयांश स्वतःच्या नियोजनाला घे आणि दोन तृतीयांश खालच्यांना तयारीला दे. ऑगस्टमध्ये पाऊस गेला हे सगळ्यांना दिसत होतं. सप्टेंबरमध्ये इशारा दिला असता तर करार वेगळे झाले असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ही बंधनं उठली, पण धडा घेतला गेला तो वेगळाच. नुसत्या उसावर अवलंबून राहणं धोक्याचं, हे सगळ्यांना कळलं आणि गाडी धान्याकडे वळली. २०२३-२४ मध्ये पहिल्यांदाच धान्यापासूनचं इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा जास्त झालं.

दरपत्रक वाचायला शिका

पैसा कुठे वाहतोय ते कळायला फार हुशारी लागत नाही, दरपत्रक वाचलं की पुरे. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षासाठी दर असे होते : सी हेवी मळीचं इथेनॉल ५७ रुपये ९७ पैसे लिटर, बी हेवीचं ६० रुपये ७३ पैसे, उसाच्या रसाचं ६५ रुपये ६१ पैसे आणि मक्याचं ७१ रुपये ८६ पैसे.

आता यातली मेख बघा. बी हेवी आणि रसाचा दर २०२२-२३ ला ठरला, आणि २०२४-२५ लाही तोच होता. त्याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३०५ वरून ३४० रुपये झाली. २०२५-२६ साठी ती ३५५ आहे. एफआरपी वाढलीच पाहिजे, शेतकऱ्याचा खर्च वाढलाय. पण कच्चा माल महाग आणि पक्क्या मालाचा दर जागच्या जागी, असं किती दिवस चालेल? नियमाने शेतकऱ्याला चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. इथेनॉलचे पैसे तेल कंपनीकडून साखरेच्या पैशापेक्षा लवकर येतात, म्हणून थकलेली बिलं द्यायला कारखान्यांना इथेनॉलचा मोठा आधार झाला. तो आधार पातळ झाला की फटका शेवटी बांधावर बसतो.

२०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटरची मागणी काढली, आणि डिस्टिलऱ्यांनी देऊ केलं सुमारे १,७७६ कोटी लिटर. उसाच्या वाट्याला एक तृतीयांशाहून कमी आलं. म्हणजे एकेकाळी ३८ कोटी लिटर जमत नव्हतं, आज गरजेपेक्षा दीडपटीहून जास्त देऊ करताहेत. यश मोठं आहे, पण ज्या सहकारी कारखान्यांनी सरकारच्या शब्दावर कर्ज काढून डिस्टिलरी उभारली, त्यांच्या टाक्या रिकाम्या राहण्याची वेळ आली.

मक्याची दुसरी बाजूही आहे. मका हे कोंबड्यांचं खाद्य. मका इथेनॉलकडे गेला तसे त्याचे भाव चढले. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयात करू लागला. कोंबडीपालन करणारे ओरडले, मका पिकवणारे खुश झाले. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनला कंटाळलेला शेतकरी मक्याकडे बघू लागलाय. हे चांगलं की वाईट, ते तुम्ही कुठल्या बांधावर उभे आहात त्यावर आहे.

आणि पाणी. २०२१ मध्ये नीती आयोगाने ई२० चा रोडमॅप प्रसिद्ध केला. त्यातला हिशेब असा की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. जिथे टँकरने प्यायचं पाणी येतं त्या तालुक्यात ऊस लावून आपण दिल्लीच्या गाड्या चालवायच्या का, हा प्रश्न विचारणारा देशद्रोही नसतो. ठिबक सिंचन आणि मका, ज्वारी, भाताचा पेंढा यांकडे वळणं हे त्याचं उत्तर आहे. पण ते उत्तर राबवायला वर्षं लागतात.

मायलेजचं गणित

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. गाडीचं काय होतं?

एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्याच्या साधारण दोन तृतीयांश एक लिटर इथेनॉलमध्ये असते, म्हणजे एक तृतीयांश कमी. टाकीत वीस टक्के इथेनॉल असेल तर एकूण ऊर्जा किती कमी झाली? वीसचा एक तृतीयांश, म्हणजे साडेसहा-सात टक्के. ही तुलना शुद्ध पेट्रोलशी. आपण त्याआधी ई१० वापरत होतो, म्हणजे निम्मी घट आधीच झालेली होती. ई१० वरून ई२० वर आल्याने नवी घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

रोडमॅपमध्येही आकडे याच पट्ट्यात आहेत : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. म्हणून कुणी सांगितलं की "माझं मायलेज नुसत्या इथेनॉलने तीस टक्के पडलं", तर भौतिकशास्त्र त्याला साथ देत नाही. टायरची हवा, एअर फिल्टर आणि आउटर रिंग रोडची गर्दीही बघा. आणि कुणी सांगितलं की काहीच फरक पडत नाही, तर तेही खरं नाही.

रुपयांत बघू. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, महिन्याला १,००० किलोमीटर चालते आणि मायलेज ५ टक्के पडलं असं धरा. सुमारे साडेतीन लिटर पेट्रोल जास्त लागेल. ९५ रुपयांच्या भावाने महिन्याला साधारण ३३० रुपये, वर्षाला ४,००० च्या घरात. त्या मुलाच्या खोलीचं अर्ध्या महिन्याचं भाडं नाही, पण महिन्याभराची मेसची भाजी आहे.

मग पेट्रोल स्वस्त का नाही? कारण इथेनॉल स्वस्त नाही. जुलै २०२५ अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत, वाहतूक आणि जीएसटी धरून, ७१ रुपये ३२ पैसे लिटर होती. पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं की हे रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग आहे. पंपावरच्या किमतीत मोठा वाटा कराचा असतो, म्हणून तुम्हाला फरक दिसत नाही.

आता नळी. इथेनॉल काही प्रकारच्या रबराला फुगवतं आणि पाणी ओढतं. नोकरीत आमच्या जिप्सी पेट्रोलवर चालायच्या. जेरीकॅन अर्धा रिकामा ठेवला की थंड रात्री आत दव धरायचं, सकाळी तळाला पाणी. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी खाली वेगळं बसतं, ते काढून टाकता येतं. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉलसकट सगळं खाली उतरतं आणि इंजिनाला तेच मिळतं. म्हणून जी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तिची टाकी अर्धी ठेवू नका. एक तर भरून ठेवा, नाहीतर जवळजवळ रिकामी.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई२० ला चालतील असे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनंही त्यासाठी जुळवलेली आहेत. त्याआधीची गाडी असेल तर मालकाच्या पुस्तिकेत कुठल्या मिश्रणापर्यंत चालेल ते बघा. जुन्या गाडीचं इंजिन एका दिवसात मरत नाही. नळ्या, ओ-रिंग, गॅस्केट मात्र तपासा. माझ्या जुन्या गाडीची इंधनाची नळी गेल्या वर्षी ओलसर झाली होती, बदलून घेतली, काही शे रुपये लागले. वेळेवर दिसली म्हणून ठीक. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं ही किरकोळ गोष्ट नाही.

पंपावर तुमचे हक्क आहेत, ते मागायला लाजू नका. फिल्टर पेपर चाचणी, पाच लिटरच्या मापाने मोजणी आणि घनता तपासणी पंपाने करून दाखवायची असते. इथेनॉल किती आहे ते बघण्याची पद्धतही सोपी आहे : मोजपात्रात ५० मिली पेट्रोल आणि ५० मिली पाणी हलवून स्थिर ठेवलं की इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ६० च्या जवळ गेला तर मिश्रण वीस टक्क्यांच्या आसपास. पण हे घरी स्वयंपाकघरात करू नका, पेट्रोल आहे ते.

देशाचा हिशेब

मग हे सगळं कशासाठी? देश आपल्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. मी गणवेशात असताना आखाती युद्धं पाहिली. होर्मुझची सामुद्रधुनी अडली तर आपल्याकडे काय होईल, हे प्रत्येक लष्करी नियोजकाच्या डोक्यात असतं. पेट्रोलमध्ये देशात तयार झालेलं काहीतरी मिसळणं ही त्या अर्थाने संरक्षणाचीच बाब आहे. २०१४ पासून १ लाख ४० हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचलं, असा सरकारचा आकडा आहे.

पण हिशेब पूर्ण मांडा. आपला पेट्रोलचा खप वर्षाला साधारण ४ कोटी टन आहे आणि डिझेलचा त्याच्या दुपटीहून जास्त. ट्रक, ट्रॅक्टर, रेल्वेची काही इंजिनं आणि सैन्याच्या बहुतेक गाड्या डिझेलवर चालतात. इथेनॉल डिझेलला हात लावत नाही. म्हणजे ई२० ने तेलाच्या परावलंबनाला ओरखडा पडला, ते तुटलं नाही. ओरखडाही मोलाचा असतो, फक्त त्याला विजय म्हणू नये.

ब्राझीलने १९७५ मध्ये आपला अल्कोहोल कार्यक्रम सुरू केला. ऑगस्ट २०२५ पासून तिथे ३० टक्के मिश्रण आहे. पण तिथे २००३ पासून कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या मिळतात आणि पंपावर शुद्ध इथेनॉलचा नळ वेगळा असतो. तिथला माणूस दोन्ही भाव बघतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर इथेनॉल घेतो, नाहीतर पेट्रोल. पन्नास वर्षं लागली, पण निवड माणसाच्या हातात राहिली. अमेरिकेत संसदेच्या कायद्याने तेल कंपन्यांवर वर्षाचं बंधन असतं, तरी सर्वसाधारण मिश्रण १० टक्के, आणि त्याहून जास्त असेल तर पंपावर तशी पाटी असते.

आपल्याकडे संसदेचा असा कायदा नाही. धोरण आहे, मंत्रालयाची अधिसूचना आहे, भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत आणि तेल कंपन्यांची निविदा आहे. जून २०२१ च्या अधिसूचनेने एप्रिल २०२३ पासून वीस टक्क्यांपर्यंत मिश्रण देशभर विकायला सांगितलं. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे : "बाळा, नियम राजपत्रात होता. तुला कळवायचं राहिलं." १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई२० विरोधातली जनहित याचिका फेटाळली. म्हणजे कोर्टाचा रस्ता तूर्त बंद आहे आणि मागणी सरकारकडेच करायची आहे.

काय मागायचं? मी काही नवीन सांगत नाही. २०२१ च्या त्याच रोडमॅपमध्ये लिहिलं आहे की जुन्या गाड्यांसाठी ई१० उपलब्ध राहावं, आणि मिश्रित इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल. या दोन ओळी अंमलात आणा. तिसरी माझी : प्रत्येक नळावर स्पष्ट पाटी हवी की आत काय आहे. आणि चौथी माझ्या गावासाठी : उसाच्या रसाचं काय करायचं ते गाळप सुरू होण्याआधी जाहीर करा, आणि इथेनॉलचा दर एफआरपीशी जोडा.

शेतकरी ऊस लावतो तेव्हा तो बारा ते अठरा महिने पुढचं बघतो. कारखाना कर्ज काढतो तो पाच-सात वर्षांचा विचार करून. मध्यमवर्गीय माणूस गाडी घेतो ती दहा-पंधरा वर्षांसाठी. या तिघांनी सरकारच्या शब्दावर विश्वास टाकला म्हणून दीड टक्क्याचे वीस टक्के झाले. आता सत्तावीस आणि तीस टक्क्यांची चर्चा सुरू आहे. पुढचा हुकूम काढण्याआधी या तिघांना वॉर्निंग ऑर्डर द्या, एवढंच म्हणणं आहे.

त्या मुलाच्या मोटारसायकलला नवी नळी बसली. पुस्तिका त्याच्याकडे नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती मोबाइलवर शोधून वाचली. तुम्हीही आज आपल्या गाडीची पुस्तिका काढून ते पान वाचा, आणि काय लिहिलंय ते मला कळवा.

जय हिंद.